गोधड्यांची शांतता

शांतता ही मानवजातीची सर्वांत जुनी आणि सर्वांत उदात्त ओढ आहे, असं आमचे साहेब म्हणत. हे वाक्य ते फार मोठ्याने म्हणत, कारण बाहेर सिमेंट कालवणारं यंत्र चालू असे. ते थांबलं की पाण्याचा टँकर येई, आणि टँकर गेला की बादल्या घेऊन त्याच्यामागे धावलेल्या बायका भांडत परत येत. बेर्शेबाच्या आसपास तेव्हा शांततेची ओढ असलेला दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नव्हता. बाकीच्यांना पाण्याची, घराची आणि कांद्याची ओढ होती.

पन्नासचं दशक नुकतं लागलं होतं. ज्यूंचा हा देश अजून नवा होता, आणि कोकणातले आम्ही ज्यू इकडे येत होतो. मी मुंबईहून विज्ञानाची पदवी आणि दोन गरम सूट घेऊन आलो होतो. सुटांचा उपयोग कधीच झाला नाही. पदवीचा झाला तो असा, की गावाबाहेर ब्रिटिश लष्कराने सोडून दिलेल्या छावणीत एक लहानशी प्रयोगशाळा उघडली होती, तिथे मला मदतनीस म्हणून घेतलं. प्रयोगशाळेत साहेब, मी, एक लेथ आणि एक मांजर एवढी मंडळी होती. मांजराने पहिल्याच उन्हाळ्यात राजीनामा दिला.

साहेब जर्मनीत शिकलेले. वाळवंटातल्या दुपारीही कोट घालत आणि कोटाच्या खिशात कंगवा ठेवत, डोक्यावर मात्र एक केस नव्हता. त्यांचं हिब्रू माझ्याइतकंच कच्चं होतं, म्हणून आम्ही इंग्रजीत बोलायचो. ते जर्मन वळणाचं, मी मुंबईच्या. आवाज हा त्यांचा विषय होता. आवाज कशातून किती जातो, कुठे मरतो, कुठे परत फिरतो, हे ते अशा मायेने सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं आवाज त्यांच्याच घरातला एक मुलगा आहे आणि थोडा वाया गेला आहे.

काम मात्र साधं होतं. उत्तरेकडून दक्षिणेला पाणी आणणारा नळ जमिनीखालून जाई आणि वाटेत कुठेतरी गळे. कुठे, ते वरून कळत नसे, वाळू सगळं पिऊन टाकी. साहेब एक यंत्र बनवत होते. जमिनीवर ठेवायचा डबा, डब्यात मायक्रोफोन, त्याची तार कानाला. खाली पाणी गळत असेल तर वर बारीक फिसफिस ऐकू यावी. अडचण एवढीच की यंत्र स्वतःसुद्धा थोडं फिसफिसायचं. यंत्राची फिसफिस किती आणि पाण्याची किती, हे वेगळं करायला अशी एक खोली हवी होती जिथे दुसरा कुठलाच आवाज नाही, आणि जो होईल तो भिंतीवरून परत येत नाही.

खोली सापडली. छावणीत ब्रिटिशांचं दारूगोळ्याचं कोठार होतं, अर्धं जमिनीत पुरलेलं, हातभर जाडीच्या काँक्रीटचं, लोखंडी दाराचं. बाहेरचा आवाज तिथे येत नसे. पण आत खोकलं तर तो खोकला बराच वेळ खोलीत हिंडत राही, पाहुण्यासारखा. भिंतींना काहीतरी मऊ लावायला हवं होतं. परदेशात त्यासाठी काचेची लोकर वापरतात, पण ती आणायला परकीय चलन लागतं, आणि देशाचं परकीय चलन तेव्हा गहू आणण्यात जात होतं. साहेबांनी गवताच्या गाद्या लावून पाहिल्या. त्यांतून पिसवा निघाल्या. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चांगले, असं कुणी सांगितलं. पण अंडी भुकटीच्या रूपात मिळत होती, आणि भुकटीला ट्रे लागत नाही.

आम्ही राहायचो ती नव्याने आलेल्यांची तात्पुरती वस्ती, माआबारा म्हणत तिला, छावणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा. एका खोलीत मी आणि आई. वडील मुंबईतच वारले होते. शेजारच्या खोलीत पेणकडची एक मावशी, नात्याने कुणी नाही, पण तिचं तोंड असं होतं की तिला नातं जोडून ठेवणं शहाणपणाचं. आई आणि मावशी दोघी सरकारी कामावर जात. काम म्हणजे टेकडीवरचे दगड वेचून ढीग करायचे आणि मोकळ्या जागी रोपं लावायची. पुढे तिथे जंगल होणार होतं. आईला जंगलाबद्दल काही म्हणायचं नव्हतं. तिची कंबर धरली होती. संध्याकाळी ती खोलीच्या दारात आली की आधी चौकटीला दोन्ही हात लावून उभी राही, आणि मग हळूहळू, उघडायला जड जाणाऱ्या छत्रीसारखी, सरळ होई. त्या हिवाळ्यात ती पूर्ण सरळ होईनाशी झाली.

"दुसरं काम माग ना," मी म्हणायचो.

"कुणाकडे मागू? दगडांना विचारते, ते काही बोलत नाहीत."

एके दिवशी मी तापाने घरी होतो. साहेब कोठाराची किल्ली मागायला वस्तीत आले. ती माझ्या खिशात राहिली होती. शुक्रवार होता. आईने आणि मावशीने गोधड्या धुऊन दोन दोऱ्यांवर समोरासमोर वाळत घातल्या होत्या. साहेब वाट काढत त्यांच्या मधून येत होते आणि मध्येच थबकले. आधी घसा खाकरला. मग एक टाळी वाजवली. मग कान तिरका करून आणखी एक. मग डोळे मिटून बराच वेळ टाळ्या वाजवत राहिले.

"काय रे," आईने खोलीत डोकावून विचारलं, "तुझा साहेब गोधड्यांना टाळ्या का वाजवतो?"

"ऊन लागलं असेल मेल्याला," मावशी म्हणाली. "कोट बघ कसा घातलाय. पाणी द्या ग त्याला, इथंच मरायचा."

साहेब आत आले ते पाणी प्यायलाही थांबले नाहीत. टाळी त्या दोन गोधड्यांच्या मध्ये मरून जाते, असं म्हणाले. ही वस्तू काय आहे, कशाची आहे, आत किती थर असतात, हे सगळं त्यांना एकदम हवं होतं. मी तापात जमेल तसं भाषांतर केलं. आई म्हणाली, जुनी लुगडी, जुने सदरे, जे फाटेल ते. आणि थर जितके अंगावर पेलतील तितके. साहेबांनी हे उत्तर वहीत उतरवलं आणि खाली रेघ मारली.

असं ठरलं की आई आणि मावशीने कोठारासाठी गोधड्या शिवायच्या. त्यासाठी सरकारने त्यांना काही महिने टेकडीवरून सोडलं. पुढचं सगळं जरुसलेमहून येणाऱ्या समितीवर होतं. समितीला खोली पटली तर आणखी एक मोठी खोली होणार, आणि या दोघींना प्रयोगशाळेत कायमचं शिवणकाम मिळणार. नाही पटली तर पुन्हा दगड. साहेबांनी हे सांगितलं तेव्हा आईने एकच विचारलं.

"बसून करायचं ना काम?"

"बसून."

"मग त्यांना सांग, मी भिंत काय, डोंगर पांघरवीन."

कापड अमेरिकेतून आलं. तिकडच्या दयाळू लोकांनी निर्वासितांसाठी गाठोडीच्या गाठोडी पाठवली होती, आणि दयाळू लोक काय टाकून देतात ते त्यांतून कळत होतं. संध्याकाळचे साटीनचे झगे, पोहण्याचे पोशाख, पियानो वाजवणाऱ्याचा असावा असा शेपटीचा काळा कोट. वस्तीत कुणालाच त्यातलं काही घालता येत नव्हतं, म्हणून सगळं आमच्याकडे आलं. मावशी साटीनचा झगा अंगाला लावून पत्र्याच्या भिंतीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हा घालून दगड वेचले असते तर झाडं तरी लवकर उगवली असती."

अमेरिकेचं कापड पुरेना, तेव्हा आईने आपली ट्रंक उघडली. वडिलांचे सदरे त्यात होते. तिने ते बाहेर काढले, उन्हात धरून पाहिले, आणि कॉलर उसवायला घेतल्या. सदरे पातळ झाले होते, त्यांतून ऊन दिसत होतं.

साहेबांना नक्षी नको होती. त्यांना सरळ टाके, सारख्या अंतरावर, आणि सारखी जाडी हवी होती. हे मी आईला सांगितलं. तिने सुई थांबवली.

"पोत्याला घालतात तसे?"

"तसंच समज."

"त्यांना म्हणावं, पोतं हवं असेल तर पोतं घ्या. मी गोधडी शिवते." आणि तिने चारी कडांनी आत आत जाणाऱ्या चौकोनांची आपली नेहमीची रांग सुरू ठेवली, जशी तिची आई अलिबागकडे घालायची. साहेबांनी पट्टी लावून टाके मोजले, ते सारखेच भरले, आणि पुढे त्यांनी हा विषय काढला नाही.

त्या हिवाळ्यात आमच्या खोलीत जमीन दिसत नव्हती. दोघी समोरासमोर बसत, मध्ये गोधडी, आणि दोन्ही बाजूंनी टाके एकमेकांकडे येत. कधी तरी मध्यावर सुया भेटत. आई हळू आवाजात शब्बाथची, आमच्या शनिवारच्या विसाव्याची, गाणी म्हणे, मावशी त्यांना आपल्याच चाली लावी. मी संध्याकाळी परत आलो की दारात कंबर धरून उभं असणारं कुणी नसायचं. चहा मिळायचा. मला तो काळ एका लांब दुपारसारखा आठवतो. कुठल्या दिवशी काय झालं ते वेगळं काढता येत नाही, सगळं एकाच कापडाचं आहे.

उन्हाळा लागता लागता कोठार पांघरून झालं. छताला, भिंतींना, दाराला दुहेरी गोधड्या, भिंतीपासून वीतभर सुटलेल्या. खालीही गोधड्या आणि त्यांवर चालायला दोऱ्यांची जाळी. साहेबांनी मला आत बसवलं आणि बाहेरून दार लावलं. दिवा मंद होता.

तसली शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती. आधी वाटलं की कान गेले. मग एक बारीक शीळ ऐकू यायला लागली, आणि तिच्याखाली काहीतरी जड, संथ. ती माझ्याच कानांतली शीळ होती आणि ते माझं रक्त होतं. मी हात हलवला तर बाहीचा आवाज झाला आणि जिथे झाला तिथेच संपला, जणू हवेने तो गिळला. भिंतींवर साटीन अंधुक चमकत होतं. त्या काळ्या कोटाची शेपटी छताजवळ, तिच्या बाजूला आईचं हिरवं लुगडं, त्याखाली एका शाळेच्या गणवेशाचा खिसा. डोळे सैल सोडले की कापडाच्या कडा विरघळत आणि सगळं एका मोठ्या, ओळखीच्या मुलखासारखं दिसू लागे. शेतं, बांध, खाडी. वडिलांच्या सदऱ्याच्या उभ्या रेघा कुठे आहेत ते मी शोधत राहिलो. मला वाटलं मी पाच मिनिटं बसलो. दार उघडलं तेव्हा साहेब जेवून आले होते.

मग आईला हवं म्हणून तिला आत बसवलं. ती बाहेर आली.

"काय ऐकलंस?" मी विचारलं.

"माझे गुडघे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आणि तुझ्या वडिलांचं घोरणं. नव्हतं रे खरं, पण जिथे असायचं ती जागा ऐकू आली."

हे मी साहेबांना भाषांतर करून सांगितलं नाही. त्यांनी त्याचं एकक विचारलं असतं.

समिती यायची होती त्याच्या काही आठवडे आधी यंत्र आत ठेवून मोजणी सुरू झाली. कोठाराबाहेरच्या खोलीत कर्णा होता, आतलं जे काही मायक्रोफोन ऐकेल ते कर्ण्यातून मोठं होऊन बाहेर येई. आत काहीच नव्हतं, तेव्हा कर्ण्यातून यंत्राची एकसारखी फिसफिस येत होती. आणि तिच्यामागे, अधूनमधून, दुसरंच काहीतरी. कुरकुर. सुरसुर. थांबे, पुन्हा सुरू होई. दुपारी जास्त. आत कुणी गेलं की बंद पडे.

साहेबांना झोप लागेना. बाहेरून काही येणं शक्य नव्हतं, काँक्रीट हातभर जाड होतं. म्हणजे आवाज आतलाच. आत गोधड्यांशिवाय काही नव्हतं. म्हणजे आवाज गोधड्यांचा. ते या पायऱ्या रोज चढत आणि रोज त्याच गच्चीवर पोचत. शेवटी त्यांनी सिद्धांत मांडला. कापड शिवताना ताणलं जातं. पुढे कित्येक महिने ते सैल होत राहतं, धागा धाग्यावरून सरकतो, आणि त्याचा आवाज होतो. दुपारी उष्णतेने जास्त. माणूस आत गेला की त्याच्या श्वासाच्या ओलाव्याने कापड जड होतं आणि सरकणं थांबतं. याला त्यांनी 'वस्त्राची विश्रांती' असं नाव दिलं. आजवर कुणी ती ऐकली नव्हती, कारण आजवर कुणाकडे इतकं तीक्ष्ण यंत्र नव्हतं. हे सांगताना त्यांचे डोळे भरून आले. मला सिद्धांत फार आवडला. नंतर कित्येक खरे सिद्धांत वाचले, एकही इतका सुंदर नव्हता.

मी घरी आईला एवढंच सांगितलं की खोलीत थोडा आवाज येतोय आणि साहेबांना तो आवडलाय.

"आवाज येतोय तर समिती पास कशी करेल?" आईने विचारलं. ती टेकडीवर परत जाऊ लागली होती. समितीचं होईपर्यंत दुसरी सोय नव्हती. पुन्हा चौकट धरून उभी राहत होती.

"साहेब म्हणतात हा शोध आहे."

"शोध असेल त्यांचा. काम माझं जाईल."

समिती आली. तिघेजण होते: एक अभियंता, पाण्याच्या खात्यातला, कमी बोलणारा, एक तरुण हिशेबनीस, आणि एक अधिकारी, ज्याचं खातं मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण ते बोलण्याचं असावं. त्याला नवागत बायकांसोबत फोटो हवा होता, म्हणून आई आणि मावशीला टेकडीवरून बोलावलं होतं. दोघी चांगली लुगडी नेसून चहाची किटली घेऊन उभ्या होत्या.

अधिकाऱ्याने भाषण खोलीच्या आत करायचं ठरवलं. त्याचा आवाज मोठा होता, मैदानात घडलेला. हजारो वर्षांनी या भूमीत आपण पुन्हा, असं त्याने सुरू केलं आणि दचकून थांबला. आवाज तोंडातून निघून तिथेच पायाशी पडत होता. त्याने जोर लावला. आणखी लहान झाला. एरवी सभागृहं त्याला परत बोलत, इथे गोधड्या ऐकून घेत आणि काही म्हणत नव्हत्या. दोन वाक्यांनी त्याने घड्याळाकडे पाहिलं आणि बाहेर आला. पुढे त्याला पंधरा वर्षं भाषणं करताना मी ऐकलं आहे. इतकं थोडक्यात आणि इतकं प्रामाणिक तो पुन्हा कधी बोलला नाही.

मग सगळे बाहेरच्या खोलीत जमले. दार बंद केलं. साहेबांनी सिद्धांत समजावून सांगितला, कंगवा खिशातून काढून परत ठेवला, आणि कर्णा लावला. आधी फिसफिस. मग हळूच, लांबून आल्यासारखं, कुरकुर, सुरसुर, कुरकुर. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. हिशेबनिसाने आदराने टोपी काढली आणि, आपल्या ज्यूंत आदरासाठी टोपी काढत नाहीत हे आठवून, परत घातली.

आई किटली घेऊन उभी होती. तिने कान दिला. मग मला मराठीत म्हणाली, अगदी सहज, दूध उतू जातंय सांगावं तसं:

"उंदीर आहे."

"गप ग," मावशी पुटपुटली. "दगड वेचायचेत काय परत?"

"अग पण उंदीर आहे. दाणे खातोय. मला कळतं ना."

"कळू दे. पोटात ठेव."

"काय म्हणतात त्या?" अभियंत्याने मला विचारलं.

मी आईकडे पाहिलं. ती किटली खाली ठेवत होती. "सांग," ती म्हणाली. "पाण्याचं काम आहे. उद्या हे जमिनीत उंदीर ऐकतील आणि नळ म्हणून खणत बसतील."

मी सांगितलं. इंग्रजीत, हिब्रूत, आणि साहेबांचा चेहरा पाहून पुन्हा एकदा इंग्रजीत.

"अशक्य," साहेब म्हणाले. "आत येणार कुठून?"

"आला नाही," आई म्हणाली. "आम्हीच आणला असेल. गोधड्या हिवाळाभर आमच्या खोलीत पडून होत्या."

"आणि खाईल काय? कापड?"

आता आई घुटमळली. मावशीने कपाळाला हात लावला. मग आईने मला सांगितलं आणि मी ते समितीला सांगितलं, आणि सांगता सांगता मलाही ते पहिल्यांदाच कळत होतं. आमच्या आजोळी गोधडी शिवून झाली की एका कोपऱ्यात चिमूटभर तांदूळ घालून कोपरा बंद करतात. गोधडीचं पोट रिकामं ठेवायचं नाही. म्हणजे ती पांघरणारा उपाशी झोपत नाही.

"पण यांखाली कुणी झोपणार नव्हतं," साहेब हताश होऊन म्हणाले.

"ते मला काय माहीत," आई म्हणाली. "तुम्ही म्हणालात संशोधनासाठी. संशोधन करणाराही जेवतोच ना."

"किती गोधड्यांमध्ये घातलेत?"

आईने सगळ्या कोठाराकडे हात केला.

आत गेलो. आई दारापाशीच थांबली. मावशीने कमरेची कात्री काढली, हाताने चाचपत एक कोपरा निवडला आणि उसवला. वडिलांच्या सदऱ्याची ती गोधडी होती. आतून थोडे तांदूळ पडले, मग कुरतडलेल्या चिंध्यांचा एक गोळा, आणि गोळ्यात गुलाबी, डोळे मिटलेली, बोटाच्या पेराएवढी पिल्लं. त्यांची आई वरच्या साटीनमध्ये कुठेतरी पळाली. तिच्या पळण्याचाही आवाज तिथेच संपला.

इतकी शांतता त्या खोलीत मोजणीच्या वेळीही नव्हती. मग अधिकाऱ्याने वाकून एक दाणा उचलला.

"तांदूळ," तो म्हणाला. "यांना तांदूळ कुठे मिळाला?"

प्रश्न रास्त होता. तांदूळ कुठेच मिळत नव्हता, सगळा देश तेव्हा गव्हाच्या पिठाच्या बारीक गोळ्या तांदूळ म्हणून खात होता. तिघेही आईकडे वळले. वस्त्राची विश्रांती, नळ, हजारो वर्षं, सगळं बाजूला पडलं.

"माहेरचा आहे," आई म्हणाली. "निघताना भावाने पिशवी बांधून दिली होती. शिजवला असता तर एका सणाला संपला असता."

भाषांतर करताना 'माहेर' या शब्दाला हिब्रूत काही मिळालं नाही. मी 'तिच्या गावचा' असं म्हणालो. अधिकाऱ्याने दाणा परत जागेवर ठेवला, जरा जपून.

साहेब खोलीच्या मधोमध जाळीवर बसले होते. मला वाटतं त्यांना सिद्धांत गेल्याचं तितकं दुःख नव्हतं. त्यांना वाटत होतं की खोली गेली, यंत्र गेलं, सगळंच गेलं. तेव्हा तो कमी बोलणारा अभियंता बोलला.

"बंद दाराआड, दोन थर कापडाच्या आत, उंदीर दाणा खातो ते या यंत्राने ऐकलं?"

"हो," साहेब म्हणाले.

"मग नळ ऐकेल."

यंत्र मंजूर झालं. पुढच्या हिवाळ्यात ते येरुहामच्या रस्त्याला जमिनीवर ठेवलं आणि पहिल्याच आठवड्यात खाली गळणारं पाणी त्याने ऐकलं. मी तिथे होतो. कानाला तार लावून साहेब वाळूत पालथे पडले होते, कोट घातलेला, आणि चेहरा असा होता की कुणी लांबच्या गावाहून त्यांना हाक मारत असावं. त्यांनी तार माझ्या कानाला दिली. खाली अंधारात पाणी कुणाला न सांगता वाहत होतं.

खोलीचं मात्र वेगळं झालं. समितीने गोधड्या काढायला सांगितल्या आणि काचेच्या लोकरीसाठी परकीय चलन दिलं. गोधड्या वस्तीत वाटल्या. त्या वर्षी आमच्या रांगेत मुलं साटीनखाली झोपली. आईने मात्र टेकडीवर जायची तयारी केली. दगड वेचायचे हातमोजे धुऊन वाळत घातले. गोधड्याच नाहीत तर शिवणकाम कुठलं.

मग लोकर आली आणि पहिल्याच दिवशी साहेबांच्या मानेला खाज सुटली. काचेचे बारीक तंतू उडून कातडीत शिरत. लोकरीला कापडाच्या खोळी घालायला हव्या होत्या, पुष्कळ, आणि त्या सतत उसवून, धुऊन, पुन्हा शिवायला हव्या होत्या. साहेब स्वतः चालत वस्तीत आले आणि आईला विचारलं. आईने फक्त एक अट घातली, की खोळींवर नक्षीबद्दल कुणी बोलायचं नाही. मावशीला त्यांनी विचारलं तेव्हा तिने बराच भाव खाल्ला, कोट कसा घातलाय यावर दोन शब्द ऐकवले, आणि शेवटी आपल्याला येरुहामला भाच्याकडे राहायला जायचंय असं सांगितलं.

नेमणुकीला जरुसलेमची परवानगी लागली. तिथून हिशेबनिसाने कळवलं की प्रयोगशाळेच्या अंदाजपत्रकात शिवणकामाला जागा नाही, पण समितीच्या भेटीनंतर एक नवी जागा मंजूर झालेली आहे आणि ती रिकामी आहे. आई त्या जागेवर लागली. ती निवृत्त होईपर्यंत बसून काम करत होती, आणि संध्याकाळी दारातून आत यायला तिला चौकटीची गरज लागत नसे. सरकारदरबारी ती सगळी वर्षं उंदीर-निर्मूलन विभागाची प्रमुख होती. विभागात ती एकटीच होती, आणि उंदीर दिसला की खुर्चीवर चढून मला हाक मारत असे.